गांडूळपाण्याची परीक्षा

आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे आज सिमेंटच्या दोन टाक्या आहेत. जुन्या माजी विद्यार्थ्यांना त्या जागी उकिरडा आठवेल, आणि त्या उकिरड्यावर बसणारे कावळेही आठवतील. आता तेथे भाजीचे देठ, केळीची साले, सुकलेला पाला आणि अर्धवट कुजलेले शेण थरांनी रचले जाते, वर ओले गोणपाट टाकले जाते आणि आत गांडुळे आपले काम करीत राहतात. चहाच्या भुकटीसारखे दिसणारे, वास नसलेले गांडूळखत त्यातून निघते. या खताचे पाणी रोपांना घातले असता ती खरोखर जोमाने वाढतात काय, हा प्रश्न आमच्या मुलांनी काही हंगाम धसास लावला. त्याची हकीकत या स्मरणिकेत नोंदवून ठेवावी असे आम्हांस वाटले. आम्ही इतिहासाचे शिक्षक. विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी प्रयोग आरंभिला तेव्हा नोंदवही सांभाळण्याचे काम आमच्याकडे आले, आणि नोंदवही ज्याच्या हाती असते त्याला सर्वांच्या चुका ठाऊक होतात, स्वतःच्यासुद्धा.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. बाजारात आणि बोलण्यात तीन निरनिराळ्या द्रवांना एकच नाव दिले जाते. टाकीच्या तळाशी आपोआप पाझरणारे काळपट पाणी हे एक. त्यात न कुजलेल्या पदार्थांचा निचराही असतो, म्हणून ते बेभरवशाचे. गांडुळांच्या थरांतून थेंबथेंब पाणी सोडून खाली गोळा करतात ते दुसरे, ज्याला वर्मीवॉश म्हणतात. तिसरे म्हणजे तयार झालेले, चाळलेले गांडूळखत कापडाच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात भिजवून काढलेला अर्क. आम्ही परीक्षा घेतली ती या तिसऱ्याची. एक किलो खत, दहा लिटर पाणी, जुन्या सुती साडीची पुरचुंडी आणि चोवीस तास; मधूनमधून काठीने ढवळून पाण्यात हवा मिसळायची. नळाचे पाणी असेल तर ते आदल्या रात्री उघड्या बादलीत ठेवायचे, म्हणजे त्यातील क्लोरिनचा बराच भाग उडून जातो. अर्क तयार झाल्यावर त्याच दिवशी वापरायचा. बाटलीत बंद करून महिनोन्‌महिने ठेवलेल्या अर्कातील हवेवर जगणारे जीव टिकत नाहीत, ही गोष्ट बाटल्या विकत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पहिल्या वर्षी आम्ही दोन कुंड्या घेतल्या. एकीत दर तिसऱ्या दिवशी अर्क घातला, दुसरीत काही घातले नाही. तीन आठवड्यांत पहिल्या कुंडीतील पालक दुसरीच्या कितीतरी पुढे गेला. पालक मेळाव्यात आम्ही त्या दोन्ही कुंड्या टेबलावर मांडल्या आणि टाळ्या मिळविल्या. मेळावा आटोपल्यावर आठवीतील एका विद्यार्थ्याने, जो एरवी वर्गात फारसा बोलत नसे, आम्हांला विचारले, "सर, ज्या दिवशी पहिल्या कुंडीला अर्क दिला, त्या दिवशी दुसरीला साधे पाणी दिले होते काय?" दिलेले नव्हते. नेहमीचे पाणी दोन्ही कुंड्यांना सारखेच होते, पण पहिलीला अर्काच्या निमित्ताने दर तिसऱ्या दिवशी वरचे पाणी मिळत होते. म्हणजे आम्ही गांडूळखताची परीक्षा घेतलीच नव्हती. घेतली होती ती तहानेची. धुळ्याच्या उन्हात तहानलेल्या रोपापेक्षा पाणी मिळालेले रोप वाढते, एवढेच सिद्ध झाले होते.

ही लाजिरवाणी गोष्ट आहे, पण तिच्यात आम्ही एकटे नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकाला ताबडतोब आठवले. व्हॅन हेल्मोंट नावाच्या संशोधकाने दोनशे पौंड सुकविलेल्या मातीत पाच पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी दिले. झाड १६९ पौंडांचे झाले, माती मात्र सुमारे दोन औंसच घटली. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचेच बनते. त्याचे हे लेखन त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झाले. पुढे १६९९ मध्ये इंग्लंडात जॉन वुडवर्डने पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढविली: पावसाचे पाणी, थेम्स नदीचे पाणी, हाइड पार्कमधील नळाचे पाणी आणि त्याच पाण्यात बागेची माती कालवून केलेले गढूळ पाणी. जितके पाणी गढूळ तितकी रोपे जोमदार. आमच्या मते गांडूळपाण्याच्या सर्व परीक्षांचा हाच पूर्वज होय. वुडवर्डने त्यावरून ठरविले की झाड मातीचेच बनते. दोघांनीही काळजीपूर्वक तोलले, मोजले, लिहिले. आणि दोघेही हवेला विसरले. झाडाच्या शरीराचा मोठा वाटा हवेतील कार्बन वायूतून येतो हे कळावयास अठरावे शतक संपत यावे लागले. मोजमाप अचूक असून निष्कर्ष चुकू शकतो, हे मुलांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही पद्धत बदलली. रोपवाटिकेतील काळ्या पिशव्या आणल्या, सर्वांत एकाच ढिगातील चाळलेली माती भरली आणि पाच गट केले. पहिल्या गटाला साधे पाणी, दुसऱ्याला तितकाच अर्क. तिसऱ्या गटात मातीच्या पाचव्या हिश्शाइतके गांडूळखत मिसळले आणि वर साधे पाणी. चौथ्यात तितकेच जुने शेणखत. पाचव्यात चुलीची राख, कारण राखेने पीक चांगले येते असे अनेक पालकांचे म्हणणे होते आणि मुलांना ते तपासावयाचे होते. प्रत्येक गटात सहा पिशव्या. एकच रोप कीड लागून किंवा शेळीने खाऊन मरू शकते. सहा मेली तर मात्र काही कारण असले पाहिजे. पीक म्हणून कोणीतरी मेथी सुचविली होती. ती आम्ही नाकारली, कारण मेथी द्विदल आहे, तिच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र तिला मिळवून देतात, आणि मग खताचा हिशेब गढूळ होतो. पालक बरा.

तीस पिशव्या कोठे ठेवायच्या, यावर सर्वांत जास्त वाद झाला. भिंतीलगत दुपारनंतर सावली येते. ज्याला जो गट आवडे तो त्याला चांगल्या जागी ठेवू पाही, आणि आम्हीही याला अपवाद नव्हतो. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. येथे आम्ही मुलांना चहाची एक गोष्ट सांगितली. इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू आहेत. तेथे रोनाल्ड फिशर हा संख्याशास्त्रज्ञ काम करीत असताना म्युरिएल ब्रिस्टल या संशोधक बाईंनी सांगितले की, कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे आपण चवीवरून ओळखू शकतो. फिशरने आपल्या १९३५ च्या ग्रंथात ही परीक्षा मांडून दाखविली: आठ कप, चार एका रीतीचे, चार दुसऱ्या, क्रम मात्र नशिबावर सोडलेला. केवळ अंदाजाने आठही बरोबर येण्याची शक्यता सत्तरांत एक. पिशव्यांवर आम्ही फक्त क्रमांक लिहिले, कोणता क्रमांक कोणत्या गटाचा हे पाकिटात बंद केले, आणि उंची मोजणाऱ्या मुलांना ते पाकीट दाखविले नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावासा वाटला, तो सांगतो. शेणखत कालविण्याची पाळी आली तेव्हा नववीतील एक विद्यार्थी हात मागे बांधून उभा राहिला. तो म्हणाला, "आमच्या आजीने आयुष्यभर पाटलाच्या गोठ्यातले शेण काढले. मी इथे शिकायला आलो आहे." वर्गात शांतता झाली. त्याला उद्धट म्हणणारे कोणी तेथे नव्हते, कारण त्या ओळीत उभ्या असलेल्या बहुतेकांच्या घरी अशी एक आजी होती. आमच्याही घरी होती. ज्या समाजाने मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारून स्वतःची मान सरळ केली, त्या समाजाच्या मुलाला शेणात हात घालावयास सांगताना शिक्षकाने दोनदा विचार केला पाहिजे. तो आम्ही केला नव्हता.

आम्ही त्याच्याशी वाद घातला नाही. बाह्या सरसावून आम्हीच कालवण्यास बसलो आणि नोंदवही त्याच्या हाती दिली. किती शेण, किती माती, ओलावा कसा, वेळ कोणती, हे आम्ही सांगत गेलो आणि तो लिहीत गेला. थोड्या वेळाने त्याने आम्हांला थांबवून सांगितले की, तिसऱ्या पिशवीत आम्ही माप शीग लावून भरले आहे, इतरांत सपाट. त्याचे बरोबर होते; पिशवी रिकामी करून पुन्हा भरावी लागली. त्याच्या आजीला गोठ्यात कोणीही माप विचारले नव्हते, आणि तिचे माप चुकले असे सांगण्याचा अधिकार तर तिला नव्हताच. दुसऱ्या आठवड्यापासून तो आपण होऊन कालवू लागला. नोंदवही आणि शेण ही दोन्ही कामे एकाच मुलाकडे पाळीपाळीने यावीत, असा नियम तेव्हापासून आहे. केवळ शेण किंवा केवळ वही कोणाकडेही नसते.

निकाल ऐकण्यापूर्वी आपल्या मातीविषयी दोन शब्द. धुळे जिल्ह्यातील बहुतेक काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेली, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि चुनखडीचा अंश असलेली. तिचा सामू बहुधा आठच्या आसपास, म्हणजे ती किंचित विम्लधर्मी. अशा मातीत लोह, जस्त आणि स्फुरद असूनही पिकाला सहज मिळत नाहीत, आणि कोवळी पाने शिरांमध्ये पिवळी पडतात. पुष्कळ पुस्तकांत मातीत चुना घाला, राख घाला असे सांगितलेले असते. तो सल्ला पावसाने धुऊन निघालेल्या आम्लधर्मी मातीसाठी आहे, इंग्लंडातील अनेक भागांसाठी किंवा आपल्याकडे कोकणातील जांभ्या मातीसाठी. राखही विम्लधर्मीच. आपल्या मातीत ती ओतणे म्हणजे तहानलेल्याला मीठ देणे. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही हे आपल्याला माणसांच्या बाबतीत पटते, मातीच्या बाबतीत पटत नाही.

राखेच्या गटाने खरोखरच निराशा केली. बियाणे कमी उगवले आणि उगवले ते फिकट राहिले. गांडूळखत मिसळलेला गट सर्वांत पुढे होता. दुपारी इतर पिशव्यांतील पाने मान टाकीत तेव्हाही या गटातील पाने तग धरून असत, कारण माती भुसभुशीत राहून ओल धरीत होती. जुने शेणखत त्याच्या थोडे मागे. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो अर्क? पाकीट उघडण्यापूर्वी मुलांना वाटत होते की अर्काचा गट आपण नुसत्या नजरेने ओळखला आहे. प्रत्यक्षात त्यांनी निवडलेल्या सहांपैकी निम्म्या पिशव्या साध्या पाण्याच्या निघाल्या. स्वयंपाकघरातील तराजूवर पालक तोलला तेव्हा दोन्ही गटांची वजने एकमेकांत मिसळून गेली. अर्काची सरासरी किंचित वर होती, पण एकाच गटातील दोन पिशव्यांमधला फरक त्याहून मोठा होता. काही मुले खट्टू झाली. एकाने सरासरीच तेवढी फलकावर लिहावी असे सुचविले. तेव्हा आम्ही सहाही आकडे लिहून ठेवले.

पुढच्या हंगामात हाच अर्क मुरूम मिसळलेल्या निकस मातीत घालून पाहिला, तेव्हा मात्र साध्या पाण्याहून फरक दिसला. जेथे काहीच नाही तेथे थोडेही पुरते. परदेशांत झालेल्या प्रयोगांतही असेच चित्र आहे: कुंडीतील मिश्रणात दहा ते चाळीस टक्के गांडूळखत असल्यास रोपांची वाढ चांगली होते, त्याहून अधिक घातल्यास लाभ वाढत नाही, उलट कधी घटतो. अर्काचे निकाल मात्र खतागणिक, पिकागणिक बदलतात. हवाई विद्यापीठात चिनी पालेभाजीवर त्याचा चांगला गुण दिसला आहे, तर रोग हटविण्याबाबतचे पुष्कळ दावे शेतात टिकलेले नाहीत.

असे का व्हावे, हे साध्या अंकगणितानेही कळते. गांडूळखतात नत्र साधारण १ ते २ टक्के असते. आपण दीड धरू. म्हणजे एक किलोत १५ ग्रॅम. ते सगळेच्या सगळे दहा लिटर पाण्यात उतरले असे क्षणभर मानले, तरी एका लिटरला दीड ग्रॅम. पंधरा लिटरच्या फवारणी पंपात साडेबावीस ग्रॅम, म्हणजे सुमारे ४९ ग्रॅम युरियाइतके. आणि ते सगळे उतरत नाहीच, कारण बहुतेक नत्र सेंद्रिय पदार्थात बांधलेले असून जिवाणूंनी ते सावकाश मोकळे करावे लागते. उलट बाजूने पाहिले तर ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत २०.७ किलो नत्र असते. तितके मिळविण्यास सुमारे १,३८० किलो गांडूळखत लागेल. पुरचुंडीत उरलेला चोथा फेकून देऊन पाणी तेवढे वापरणारा मनुष्य भाकरी टाकून धोवण पितो आहे. आम्ही तो चोथा आता वाफ्यात मिसळतो.

पालकांपैकी एकांनी, जे शिंदखेडा तालुक्यात दोन एकर कोरडवाहू कपाशी करतात, वही पाहताना बोट ठेवून विचारले, "सर, ह्या पानीमा काय शे?" त्यांनी त्याच हंगामात दुकानातून उधारीवर वाढीचे 'टॉनिक' आणले होते आणि बाटलीवर घटकांचे नाव नव्हते. आमच्याजवळ त्यांच्या बाटलीचे उत्तर नव्हते. कसे तपासावे एवढे सांगता आले. शेताच्या चार ओळींवर फवारा मारा, शेजारच्या चार ओळींवर त्याच पंपाने तितकेच साधे पाणी मारा, अशी तीन-चार ठिकाणी अदलाबदल करा, आणि वेचणीला प्रत्येकीचा कापूस वेगळा तोला. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात असे मांडले होते की, जमीन किफायतशीर आहे की नाही हे केवळ तिच्या आकारावर ठरत नाही. तिच्यावर लावावयाचे भांडवल आणि साधने यांचे प्रमाण पाहावे लागते. दोन एकरवाल्याचे तुटपुंजे भांडवल ज्या बाटलीत जाते, ती बाटली तपासणे हा म्हणून हौसेचा विषय नाही. ऐकीव आहे, परंपरेत आहे किंवा सांगणारा मोठा आहे एवढ्यावरून काही मानू नये, असे तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना सांगितले होते; सांगणारा दुकानदार असला किंवा आम्ही शिक्षक असलो तरी ते लागू आहेच.

गांडुळांचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, गांडुळांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडातील कित्येक भागांत एकरी दहा टनांहून अधिक कोरडी माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असे त्याने दाखविले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८३ मध्ये, महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले किडे आणि जनावरांचे अवशेष यांचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यानाल्यांत वाहून जाते, ते बांध घालून शेतात मुरवावे, असा त्यांचा आग्रह होता. दोघांना परस्परांची वार्ता असण्याचे कारण नव्हते. परंतु मातीचा अर्क ही कल्पना फुल्यांकडे बादलीभर नसून डोंगरभर आहे, आणि तीत अर्क वाहून न जाऊ देण्यावर भर आहे. लळिंगच्या डोंगरावरून पहिल्या पावसाचे तांबूस पाणी उतरताना पाहिले की आम्हांला ते प्रकरण आठवते. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचऱ्यापासून कंपोस्ट करण्याची जी रीत बसविली आणि १९३१ च्या ग्रंथात मांडली, तिचाही रोख हाच होता: बांधावर जळणारी पऱ्हाटी आणि धसकटे जमिनीत परत जावीत.

ज्यांना घरी टाकी करावयाची आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या काही गोष्टी. ताजे शेण तापते आणि गांडुळे मरतात. दोन-तीन आठवडे मुरलेले घ्यावे. खतासाठी सर्वत्र वापरली जाणारी लाल गांडुळे पस्तीस अंशांपुढे तग धरीत नाहीत, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस ओलांडतो. एका सुट्टीत पाणी देण्याची जबाबदारी आम्ही नीट वाटून दिली नाही आणि परत आलो तेव्हा टाकीत एकही गांडूळ जिवंत नव्हते. आता टाकीवर पाचटाचे छप्पर आहे आणि मे महिन्यातील पाळ्यांची यादी कार्यालयाच्या दारावर लागते. अर्कात गूळ घालण्याची चाल आम्ही बंद केली आहे. गुळावर उपकारक जिवाणू पोसले जातात तसे शेणातील रोगजंतूही पोसले जातात. कच्च्या खाण्याच्या पानांवर अर्क कधीच शिंपडू नये, मुळाशीच घालावा, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. वसतिगृहात एकाच ताटातून भाजी शेकडो मुलांच्या पोटात जाते, तेव्हा ही दक्षता सोडून चालत नाही.

यंदाच्या पिशव्यांत पालकाऐवजी बाजरी आहे आणि राखेच्या जागी मुलांनी कुजविलेल्या पऱ्हाटीचा गट घेतला आहे. क्रमांकांचे पाकीट या वेळी नववीच्या वर्गाकडे आहे. ते कोठे ठेवले आहे हे आम्हांलाही सांगितलेले नाही.